शेवटच्या पाण्यावर

बर्लिनला तुम्ही फिरायला गेला होता ना, असं गावात कोणी विचारलं की मला राग येतो. मी फिरायला गेलो नव्हतो. मला नेलं होतं. कामठ्याचा माझा सोबती मला घेऊन गेला होता. तिथं एका दुपारी जे झालं त्यावरून लोक काहीबाही बोलून राहिले आहेत. मी त्याला सोडून आलो म्हणतात. म्हणून जसं झालं तसं लिहितो.

माझी बायको मागच्या दिवाळीनंतर गेली. छातीत पाणी झालं होतं. गोंदियाला ठेवली, बरी झाली म्हणून घरी आणली, आणि घरी आल्यावर गेली. त्यावर मी जास्त लिहिणार नाही. आम्हाला मूलबाळ नाही. घरात दोन माणसं होती, एक उरलं. पुतण्या शेती पाहतो, त्याची बायको दोन वेळ डबा आणून ठेवते. मी खाटेवर बसायचो. रेडिओ लावायचो नाही, नवेगावच्या तलावाकडं जायचो नाही, कोणी आलं तर ऊठ म्हणायचो नाही आणि बस म्हणायचो नाही.

सोबती मात्र येत राहिला. आम्ही दोघं तरणे होतो तेव्हा दरेकसाच्या डोंगरात बांबू तोडायला एका टोळीत होतो, तेव्हापासूनची ओळख. नंतर तो कामठ्याला धानाच्या व्यापारात पडला, मी शेतीत राहिलो. त्याची बायको फार आधी वारली. एकच पोरगी, ती शिकून बर्लिनला नोकरीला गेली आणि तिकडंच तिचं लग्नही झालं. तर हा माणूस एस्टीत बसून माझ्याकडं यायचा आणि माझ्या खाटेवर माझ्याच बाजूला बसून एकटाच बोलायचा.

एक दिवस म्हणाला, "का बे, किती दिवस असा बसून राहशीन?"

"मरेपर्यंत."

"मंग लौकर मर. मले पोरीकडं जायाचं हाये आन तिनं तिकिटं दोन काढली हायेत. दुसरं तिकीट वाया जाऊन राहिलं."

"मी नाही येत."

"तुले विचारलं कोणी?"

भावकीतले लोक म्हणाले, वर्षश्राद्ध व्हायचं आहे अजून, समुद्रापार कायले जाता? सोबत्यानं त्यांना दारातच ऐकवलं. "वर्षभर खाटेवर बसून हा तिले परत आणणार हाये का? आणत असन तर सांगा, मीबी बसतो." मी गेलो. मनात एकच होतं, की कुठंही बसलो तरी सारखंच.

धानाची रोपं, पऱ्हे, टाकायच्या दिवसात, शेतकऱ्यानं घर सोडू नये अशा दिवसात, आम्ही तिकडं पोचलो. पोरीचं घर वरच्या मजल्यावर, स्वच्छ, दारं अशी बंद होतात की बाहेरचं काही ऐकू येत नाही. ती मला काका म्हणते. पोरगी चांगली आहे. पण तिच्या मनात काय आहे ते पहिल्याच जेवणाला कळलं.

"बाबा, आता तुम्ही परत जायचं नाही," ती म्हणाली.

"मंग इथं काय करू? खिडकीत बसून ट्राम मोजू?"

"कामठ्याला दोनदा चक्कर येऊन पडले की नाही तुम्ही? साखर उतरली होती. शेजारी कोणी नसतं तर?"

"शेजारी होते नं पण."

तिनं माझ्याकडं पाहिलं. "काका, तुम्ही सांगा यांना. माझं नाही ऐकत. आणि बाबा, तुम्हीही ऐकून ठेवा. इथं एकदा जरी असं झालं ना, मी तुमचं परतीचं तिकीट रद्द करणार. मग मला काही म्हणा."

मी भात कालवत राहिलो. त्याच्या बाजूनं बोललो नाही आणि तिच्याही नाही. खरं सांगायचं तर मला तो परत पाहिजे होता. खाटेवर बाजूला बसून बडबड करणारा एकच माणूस मला उरला होता. तो इथं राहिला असता तर माझ्या दाराशी आठवड्याला कोण आलं असतं? ही गोष्ट मी तेव्हा कोणाला बोललो नाही.

त्याच्या साखरेचं असं होतं की गोळी जेवणाआधी घ्यायची, आणि गोळी घेतली की थोड्या वेळात पोटात अन्न गेलंच पाहिजे. नाही गेलं तर आधी घाम येतो, मग हात कापतात, मग बोलणं वेडंवाकडं होतं, मग पडतो. पोरीनं मला हे तीनदा सांगितलं, लहान पोराला सांगावं तसं. साखरेचे चौकोनी तुकडे एका पुडीत बांधून दिले. "हात कापताना दिसले की आधी हे तोंडात घाला. मग जेवण."

त्या शहराच्या मधोमध एकेकाळी भिंत होती. सोबत्याला ती पाहायचीच होती. पोरीला कामावर जायचं होतं. आधी एकदा तिनं आम्हाला तिकडं जाणाऱ्या ट्रामनं बाजाराला नेऊन आणलं होतं, म्हणून तिनं जाऊ दिलं. सरळ जा, सरळ या, म्हणाली. पराठ्यांचा डबा, साखरेची पुडी, सगळं एका पिशवीत. पिशवी माझ्या खांद्यावर, कारण त्याचा खांदा दुखत होता. पाण्याच्या बाटल्या दोन, ज्याची त्याच्याजवळ. त्याच्या गोळ्या त्याच्या खिशात. तिथं चालणारा फोन एकच, माझा, पोरीनं तिकडलं सिम घालून दिलेला, तो माझ्या खिशात.

ट्राममध्ये बसल्यावर सोबती हळूच म्हणाला, "सांगून ठेवतो. काही झालं तरी पोरीले फोन करायचा नाही."

"काय होणार हाये?"

"काही होऊ दे. फोन नाही करायचा. ती बहाणाच पाहून राहिली हाये."

मी मान हलवली.

उतरल्यावर एक बाक दिसला, झाडाखाली. तिथं बसलो. ऊन आपल्यासारखं नव्हतं, पण तो स्वेटर घालून आला होता आणि वर पांढरी टोपी, त्यामुळं त्याला गरम झालं. दोघांनी पाणी प्यालं. मग भिंतीकडं गेलो.

भिंत पाहून माझी निराशा झाली. एवढ्या मोठ्या गोष्टी ऐकल्या होत्या, आणि भिंत गोंदियाच्या एखाद्या राईस मिलच्या कंपाउंडएवढी. सिमेंटची, मळकी. तसं मी बोललो.

"भैताड हायेस," सोबती म्हणाला. "भिंत उंच नाही, बंदूक उंच असते. पोरगी सांगत होती, एका रातीत तार टाकली आन शहर तोडलं. भाऊ इकडं, बहीण तिकडं. या रस्त्यावरच्या घरांचं दार एका देशात आन फुटपाथ दुसऱ्या देशात. लोकं खिडकीतून उड्या मारून मेले."

"काऊन मारल्या उड्या?"

"तिकडं कोणी असन त्यांचं."

पुढं मेलेल्या लोकांचे फोटो लावले आहेत, लोखंडाच्या चौकटीत, एकेक चेहरा वेगळा. बहुतेक तरणी पोरं. कोणी एका फोटोपुढं फूल ठेवलं होतं, ताजं. मी तिथं जास्त वेळ उभा राहिलो. घरी बायकोचा फोटो लावला आहे तो मतदार कार्डावरून मोठा केलेला, त्यात ती रागावल्यासारखी दिसते. ती तशी नव्हती. हे लोकही तसे नसतील, असं वाटलं. सोबत्यानं माझा हात धरून ओढला. "चाल. मेलेल्यांपुढं उभं राहायले तुले इथं नाही आणलं."

जिथली भिंत काढून टाकली तिथं गंजक्या सळया उभ्या केल्या आहेत, रांगेनं, मधून माणूस जाईल एवढी जागा सोडून. सोबत्याला चेव आला. एका फटीतून तिकडं जायचा, दुसऱ्या फटीतून इकडं यायचा.

"पासपोर्ट दाखव," मी म्हटलं.

"पासपोर्ट पोरीजवळ हाये जी. सायब, बुढ्याले सोडा."

"तुझ्या पिशवीत काय हाये?"

"पिशवी तर तुमच्याच खांद्यावर हाये, सायब!"

मी हसलो. बायको गेल्यावर मी हसलो की नाही मला आठवत नाही, पण तेव्हा हसलो.

अजून पुढं गेलो तर सळयांच्या मागच्या मोकळ्या जागेत शेत. शहराच्या मधोमध, जिथं एका काळी माणूस दिसला की गोळी घालत होते तिथं, पीक उभं. गव्हासारखं, पण गहू नाही. ताट आपल्या गव्हापेक्षा पुष्कळ उंच, लोंबी बारीक, केसाळ, अजून पिवळी व्हायची होती. सोबती धान्यातला माणूस. तो तिथंच थांबला, एक लोंबी हाताच्या तळव्यात घेऊन चोळायला लागला. शेताच्या मधे मातीचं गोल देऊळ, त्यांचं प्रार्थनेचं. आमच्या घराच्या भिंती असतात तशी माती, नुसती ठोकून बसवलेली. मी ती भिंत हाताने चाचपून पाहत होतो तेव्हा मागून त्याचा आवाज आला.

"गोळी घेतली गा मी. आता खाऊ कुठं बसून."

तिथून दिसणारे बाक सगळे भरले होते, शाळेची पोरं आली होती. समोर रस्त्याच्या पलीकडं एक मनोरा होता, पायऱ्यांचा, वरून सगळं दिसतं असं पोरीनं सांगितलं होतं. त्याच्या खाली सावली होती आणि बसायला कट्टा होता. सोबती त्यावर टेकला.

"तू वर जाऊन ये पटकन. माझे गुडघे नाही चढत. आल्यावर खाऊ."

"आधी खाऊन घे."

"जा बे. खाऊन सुस्ती येते, मंग तू चढशीन का? वर काय दिसते ते मले सांग."

मी गेलो. पिशवी खांद्यावर होती ती तशीच राहिली. ना त्याच्या ध्यानात आलं ना माझ्या.

वरून भिंतीचे दोन पदर दिसले, मधली उघडी पट्टी, पहारा करायचा लोखंडी दिवा, सगळं जसं होतं तसं ठेवलेलं. मी थोडा वेळ पाहिलं आणि खाली आलो.

कट्ट्यावर तो नव्हता.

लघवीला गेला असेल म्हणून मी उभा राहिलो. मनोऱ्याच्या बाजूला घर होतं, लोक आत जात होते, बाहेर येत होते. मी आत जाऊन पाहिलं. संडासाचा दरवाजा शोधला, आत हाक मारली. एक गोरा माणूस बाहेर येऊन माझ्याकडं पाहत गेला. तो नव्हता. मागच्या बाजूला दुसरं दार होतं. त्या दारानं बाहेर निघालो तर दुसराच रस्ता. तेव्हा समजलं. हा एका दारानं आत गेला, दुसऱ्या दारानं बाहेर पडला, आणि फिरला.

पण मी घाबरलो नाही. त्याचं कारण सांगतो.

दरेकसाच्या डोंगरात बांबू तोडताना आमचा मुकादम एक गोष्ट पक्की शिकवायचा. डोंगरात सगळ्या वाटा सारख्या दिसतात. टोळीतला माणूस सुटला तर त्यानं वाट शोधायची नाही, आणि टोळीनंही त्याला शोधत हिंडायचं नाही, नाहीतर एकाचे चार हरवतात. सुटलेल्यानं शेवटच्या पाण्यावर जायचं. म्हणजे ज्या नाल्यावर, ज्या झऱ्यावर सगळ्यांनी शेवटी पाणी प्यालं, तिथं जाऊन बसायचं. बाकीचे तिथं येतात. आम्ही कितीतरी वर्षं हेच केलं. नंतरही, यात्रेत म्हणा, नागपूरच्या बाजारात म्हणा, आम्ही दोघं सुटलो की हेच करायचो. शेवटी चहा घेतला त्या हॉटेलपाशी तो उभा दिसायचा, दात काढत.

म्हणून मी सरळ निघालो. झाडाखालचा तो बाक, जिथं उतरल्यावर दोघांनी पाणी प्यालं होतं. तिथं जाऊन बसलो. डबा मांडीवर ठेवला, म्हटलं आला की उघडू.

तो आला नाही.

ट्राम आली, गेली. दुसरी आली, गेली. शाळेची पोरं ओरडत निघून गेली. मी डब्याचं झाकण काढायचो, लावायचो. गोळी घेऊन किती वेळ झाला याचा हिशेब मनात चालू होता, आणि हिशेब वाईट येऊन राहिला होता. आता घाम आला असेल. आता हात कापत असतील. आता तो कोणाला काही सांगायला गेला तर त्याची जीभ वळणार नाही, आणि वळली तरी त्या शहरात त्याचं बोलणं कोणाला कळणार? म्हातारा दारू पिऊन पडला म्हणतील आणि बाजूनं निघून जातील.

समोरून एक माणूस येऊन राहिला होता, माझ्याच वयाचा. मी उठून त्याला अडवलं. "टोपी," म्हटलं, डोक्यावर हात फिरवला. "सफेद टोपी. बुढा आदमी. इतना." हातानं उंची दाखवली. त्यानं हसून माझ्या हाताशी हात मिळवला आणि गेला. मला त्याच्या पाठीवर दगड मारावासा वाटला.

फोन खिशात होता.

फोन काढला. पोरीचा नंबर वरच होता, बायको गेल्यावर मी फोन कोणाला करतच नव्हतो. बोट लावलं की लागला असता. पण मग? पोरगी धावत येईल, पोलिसांना सांगेल, सापडेलही तो. आणि त्याच दिवशी त्याचं तिकीट रद्द होईल. मी पाहिलं होतं तिचं तोंड. ती बोलली तसं करणारी होती. त्यानं मला ट्राममध्ये बजावलं होतं, आणि मी मान हलवली होती. फोन परत खिशात ठेवला. परत काढला. असं मी बाकावर बसून करत राहिलो, आणि तिकडं माझा माणूस कुठंतरी अन्नावाचून बसला होता.

मनातल्या मनात त्याला शिव्या देऊन राहिलो होतो. कायले आणलं मले इथं? मरायचं होतं तर कामठ्याले मरायचं, मी खांदा दिला असता. मग दुसरंही मनात आलं, आणि ते आल्यावर मी उभाच राहिलो. बायको गेली तेव्हापासून मी सगळ्यांना सांगत होतो की आता मला कशाची भीती नाही, जे जायचं ते गेलं. ती खोटी गोष्ट होती.

मी फोन लावला.

घंटी वाजत राहिली. पोरीनं उचलला नाही. कामात असेल, मिटिंग म्हणतात तसलं काही. परत लावला. नाही उचलला.

मग मी बाटली काढून दोन घोट घेतले, कारण तोंड कोरडं पडलं होतं. आणि पाणी गिळता गिळता डोक्यात आलं. गोळी. त्यानं गोळी घेतली होती, आणि गोळी कोणी कोरडी गिळत नाही. मी मातीच्या देवळाला हात लावत उभा होतो, पाठ त्याच्याकडं होती, म्हणून पाहिलं नाही. पण त्यानं तिथं पाणी प्यालं होतं, स्वतःच्या बाटलीतून. डोंगरात पाणी एकच असतं, सगळे एकाच नाल्यावर वाकतात. इथं दोघांच्या दोन बाटल्या. माझं शेवटचं पाणी हा बाक होता. त्याचं शेवटचं पाणी ते शेत होतं. तोही नियमानंच गेला होता, आणि तिथं बसून माझी वाट पाहत होता, जसा मी इथं त्याची.

मी पळालो. या वयात पळणं म्हणजे काय ते हसण्यासारखंच दिसलं असेल. पिशवी कुल्ल्यावर आपटत होती. फोटोंच्या चौकटीपुढून गेलो, सळयांच्या फटीतून घुसलो, एका सायकलवाल्या बाईच्या अंगावर गेलो, ती काही ओरडली. शेत दिसलं. शेताच्या काठावर, ताटांना टेकून पांढरं काहीतरी.

टोपी होती. डोक्यावर नव्हती. तो कुशीवर पडला होता, एक पाय शेतात, स्वेटर घामानं ओला. डोळे उघडे होते पण माझ्यावर ठरत नव्हते. बाजूला एक म्हातारी बाई गुडघ्यावर बसली होती, तिनं त्याच्या डोक्याखाली तिची पर्स ठेवली होती आणि त्याच्या गालावर हळूहळू थापट्या मारत काहीतरी विचारत होती.

मी पुडी फाडली. घाईत अर्धे तुकडे मातीत सांडले. एक त्याच्या ओठात कोंबला. बाईनं माझा हात धरला, नाही नाही अशी मान हलवली, तिला वाटलं मी भलतंच काही घालतो आहे. मी तिला तुकडा दाखवला. एक स्वतःच्या तोंडात घालून चावून दाखवला. तिनं पाहिलं, हात सोडला, आणि मग तिनंच त्याचा जबडा धरला.

"चाव," मी ओरडलो. "चाव बे. गीळ."

त्यानं काही केलं नाही. साखर ओठाच्या कोपऱ्यातून वितळून खाली आली. मी ती बोटानं परत आत सारली, दुसरा तुकडा हिरडीवर घासला. काय बोलत होतो मला आठवत नाही. शिव्याच असतील. बायकोच्या वेळी मी असा ओरडलो नव्हतो. तिच्या वेळी आजूबाजूला माणसं होती, डॉक्टर होता, मी कोपऱ्यात उभा होतो, कोणी मला काही करू दिलं नाही. इथं करायला मीच होतो.

थोड्या वेळानं त्याचा गळा हलला. त्यानं गिळलं. मग अजून एकदा गिळलं. मी अजून तुकडा घातला आणि या वेळी त्याच्या दाताचा कटकन आवाज आला. एवढा चांगला आवाज मी कधी ऐकला नाही.

डोळे माझ्यावर ठरले तेव्हा तो जड जिभेनं म्हणाला, "कुठं... गेला होता बे?"

"पाण्यावर बसलो होतो. बाकाजवळ."

"पाणी तर... इथं प्यालो."

"तू प्याला. मी नाही प्यालो इथं."

त्यानं त्यावर विचार केला. त्याच्या डोळ्यात दिसत होता विचार, हळूहळू चढताना. मग म्हणाला, "भैताड," आणि ते मला म्हणाला की स्वतःला ते मी विचारलं नाही.

मी डबा उघडला. पराठ्याचे तुकडे करून त्याच्या तोंडात देत होतो तेव्हा खिशातला फोन वाजला.

पोरगी होती. तिनं दोन फोन पाहिले असतील.

सोबत्यानं माझं मनगट धरलं. हात अजून ओला आणि थंड होता, पण पकड होती. "उचलू नको."

फोन वाजत राहिला.

"सांगू नको तिले. उठून राहिलो नं मी? पाह, उठतो." आणि त्यानं उठायचा प्रयत्न केला. कोपर टेकलं, अंग उचललं, आणि परत त्या म्हातारीच्या पर्सवर पडला. बाईनं त्याला धरून ठेवलं.

"तू म्हटलं होतं," तो म्हणाला. "ट्राममधी मान हलवली होती तू."

"हो."

"मंग?"

"मंग काय? तू कामठ्याले असा पडला तर मी नवेगावले असीन. कोण तुझ्या तोंडात साखर घालन?"

"शेजारी."

"आन शेजारी लग्नाले गेले असन तं?"

त्यानं माझं मनगट सोडलं नाही, मीच दुसऱ्या हातानं त्याची बोटं काढली. एकेक. मी फोन उचलला आणि सांगितलं. पडला, म्हटलं. गोळी घेतली होती, डबा माझ्याजवळ राहिला, आम्ही सुटलो, तो पडला. आता शुद्धीवर आहे, पराठा खाऊन राहिला. ती रडत नव्हती, फक्त परत परत विचारत होती, कुठं आहात काका, कुठं आहात. मी सांगितलं, ते शेत आहे ना, मातीच्या देवळाजवळचं.

ती टॅक्सीनं आली. तोपर्यंत आम्ही तिघं तिथंच बसलो, तो, मी आणि ती म्हातारी. मी तिला पराठा दिला. तिनं थोडासा तोडून खाल्ला, मिरची लागली तशी तोंडाशी हात हलवला आणि हसली. सोबती माझ्याकडं पाहत नव्हता. भिंतीच्या जुन्या जागेकडं तोंड करून चावत होता.

पोरीनं त्याला दवाखान्यात नेलं. तपासलं, घरी सोडलं. त्या आठवड्यात तिनं तिकीट रद्द केलं, त्याचं. माझं ठेवलं. तो माझ्याशी जेवायच्या वेळीही बोलला नाही. निघायच्या दिवशी मी बॅग घेऊन दारात उभा होतो तेव्हा तो खिडकीत बसूनच म्हणाला, "विमानात खिडकीची जागा माग. नाही देत म्हणाले तं भांड."

"भांडतो."

"आन वर्षश्राद्धाले मी नसीन. तुझ्या बुढीले सांग."

"सांगतो."

पोरीच्या नवऱ्यानं मला विमानतळावर सोडलं आणि तिथल्या एका मराठी कुटुंबाच्या हवाली केलं. खिडकीची जागा मिळाली नाही. भांडलोही नाही.

नागपूरला पुतण्या घ्यायला आला होता. त्यानं माझ्यामागं पाहिलं, दाराकडं पाहिलं, लोक बाहेर येत होते.

"काकाजी, कामठ्याचे काका कुठं हायेत?"

"तिकडंच राहिले."

त्याचं तोंड उतरलं. "म्हणजे?"

"जिवंत हाये," मी म्हटलं. "बॅग उचल."